मिसिसॉगा ते नेपरव्हिल : कॅनडातून अमेरिकेच्या उपनगरात कुटुंबासह राहायला जाताना

मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल या टोरांटोच्या आसपासच्या भागांत आठ-दहा वर्षे काढून कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांपुढे कधी ना कधी अमेरिकेतील नोकरीचा प्रस्ताव येतो. अंतर फार नाही. मिसिसॉगाहून शिकागोच्या पश्चिमेला असलेले नेपरव्हिल सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मोटारीने एका दिवसाची वाट. भाषा तीच, थंडी तशीच, दुकानांच्या पाट्याही बऱ्याचशा ओळखीच्या. भारतातून कॅनडात येताना जेवढी तयारी करावी लागली तिच्या निम्मीही इथे लागणार नाही, असा समज त्यामुळे सहज होतो आणि आमचाही झाला होता. माझे यजमान अभियंता आहेत, मी लेखापाल आहे आणि आमची मुलगी तेव्हा पाचवी संपवून सहावीत जाणार होती. या लेखात मी आमच्या मार्गावरचीच, म्हणजे ऑन्टारियो ते इलिनॉय या वाटेवरची माहिती देत आहे. दुसऱ्या प्रांतातून किंवा दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांना शाळा, परवाना आणि राज्याचा कर यांचे तपशील बदलून घ्यावे लागतील.

सर्वांत आधी एक विनंती आहे. नोकरीचे पत्र हाती आल्याबरोबर निघण्याची तारीख ठरवू नका. कॅनडाचा कर, मुलांची शाळा, आरोग्यविमा, घराची विक्री आणि जोडीदाराचा काम करण्याचा हक्क या पाचही गोष्टी त्या एका तारखेला बांधलेल्या असतात. सीमा ओलांडण्यापूर्वी अर्ध्या तासात होणारी कामे नंतर महिनोन्‌महिने रेंगाळतात आणि त्यांना पैसेही जास्त लागतात. नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलायला सांगणे अवघड वाटते, पण बहुतेक कंपन्या ते ऐकतात.

आधी स्टेटस, आणि तेही दोघांचे

कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकेत नोकरीसाठी जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे टीएन, म्हणजे ठरावीक व्यवसायांतील लोकांना तिथे काम करू देणारे स्टेटस. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील पूर्वीच्या नाफ्टा या व्यापार करारातील ही सोय १ जुलै २०२० रोजी लागू झालेल्या नव्या त्रिपक्षीय करारातही कायम राहिली. करारात दिलेल्या व्यवसायांच्या यादीत आपला व्यवसाय बसला पाहिजे आणि त्यासाठी मागितलेली पात्रता आपल्याकडे असली पाहिजे. कॅनडाच्या नागरिकाला यासाठी वकिलातीत जाऊन व्हिसा घ्यावा लागत नाही. सीमेवरच्या नाक्यावर किंवा टोरांटो पिअर्सनसारख्या विमानतळावर, जिथे अमेरिकी तपासणी कॅनडाच्या भूमीवरच होते, तिथे अर्ज करता येतो. मुदत एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांची असते आणि ती वाढवून घेता येते. ही सोय फक्त नागरिकांना आहे. कॅनडाचे पीआर (कायम रहिवासी) कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांना टीएन मिळत नाही. नागरिकत्वासाठी लागणारे ५ वर्षांतले १,०९५ दिवस भरत आले असतील, तर थोडे थांबून शपथ घेऊनच निघावे, असे मी कळकळीने सांगेन. अर्धवट सोडून गेल्यावर पीआर टिकवण्यासाठी ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट डोक्यावर राहते आणि नागरिकत्व हातचे जाते.

कंपनीने दिलेल्या पत्रात पदनाम, यादीतील व्यवसायाचे नाव, रोजचे काम, कालावधी, पगार आणि शिक्षण हे सारे स्पष्ट असले पाहिजे. भारतात शिकलेल्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडची तीन वर्षांची पदवी अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असे नाही. माझी मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. तीन वर्षांची. लेखापालासाठी यादीत पदवी किंवा सीपीए, सीए यांसारखी व्यावसायिक पात्रता असा पर्याय आहे, म्हणून पुढे माझे काम कॅनडात मिळवलेल्या सीपीएवर झाले. आपल्या पदवीचे मूल्यमापन एखाद्या मान्य संस्थेकडून आधीच करून घ्यावे आणि मूळ प्रमाणपत्रे जवळ ठेवावीत.

आता जोडीदाराचे. टीएनवर आलेल्याच्या पती-पत्नीला आणि मुलांना टीडी स्टेटस मिळते. टीडीवर शिकता येते, पण नोकरी करता येत नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. मिसिसॉगात दोन पगारांवर चाललेले घर इथे एका पगारावर येते. डॉलरचा भाव आणि पगाराचा आकडा पाहून हिशेब मांडणारी कुटुंबे नेमकी ही ओळ विसरतात. बदलीचा प्रस्ताव आपल्याच कंपनीकडून असेल तर एल-१ मिळतो का, हे आधी विचारावे. एल-१ धारकाच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून त्या स्टेटसबरोबरच काम करण्याचा हक्क मिळालेला आहे, वेगळ्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. एच-१बी मध्ये मात्र सोडत असते, काम १ ऑक्टोबरला सुरू होते आणि जोडीदाराला कामाचा परवाना साधारणतः ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच मिळतो. दोघांचेही व्यवसाय टीएनच्या यादीत असतील, तर दोघांनी आपापला टीएन घेणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग होय. घरातील एखादी व्यक्ती अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर तिला टीडीचा व्हिसा कॅनडातील अमेरिकी वकिलातीतून पासपोर्टवर उमटवून घ्यावा लागतो आणि मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो. कुटुंबाची तारीख ठरवताना हा वेळ आधी मोजावा.

दूरचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशानुसार लागते, पासपोर्टानुसार नाही. पुण्यात किंवा नागपुरात जन्मलेली व्यक्ती कॅनडाची नागरिक झाली तरी भारताच्याच रांगेत उभी राहते आणि ती रांग दशकाहून लांब आहे. पती-पत्नींपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, उदाहरणार्थ दुबईतला किंवा नैरोबीतला, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत जाता येते. कॅनडात जन्मलेल्या मुलामुळे आईवडिलांना मात्र तो लाभ मिळत नाही. मुले २१ वर्षांची झाली की टीडीही संपते. म्हणून मूल बारा-तेरा वर्षांचे असेल तर त्याच्या कॉलेजचा विचार आजच बोलून घ्यावा. कॅनडाची नागरिक असलेली मुले ऑन्टारियोच्या विद्यापीठांत परत जाऊन देशांतर्गत शुल्कात शिकू शकतात, हा आमच्यासारख्यांना मोठा आधार आहे.

कॅनडाच्या कर खात्याचा निरोप

माझा व्यवसाय हाच असल्यामुळे इथे मी जरा सविस्तर लिहिते. कॅनडा नागरिकत्वावर कर लावत नाही, निवासावर लावतो. म्हणून आपण नेमके कोणत्या दिवशी अनिवासी झालो, हे ठरणे महत्त्वाचे असते. साधारणपणे आपण कॅनडा सोडले तो दिवस, जोडीदार व मुलांनी सोडले तो दिवस आणि नव्या देशात निवासी झालो तो दिवस, यांपैकी सर्वांत उशिराचा दिवस धरला जातो. यजमान मार्चमध्ये पुढे गेले आणि बायको-मुले शाळेसाठी जूनअखेरपर्यंत मिसिसॉगातच राहिली, तर मधल्या चार महिन्यांचा अमेरिकी पगारही कॅनडाच्या विवरणपत्रात दाखवावा लागण्याचा संभव असतो.

अनिवासी होण्याच्या दिवशी आपली बरीचशी मालमत्ता विकली असे कागदोपत्री मानले जाते आणि तोपर्यंतच्या नफ्यावर कर लागतो. शेअर, म्युच्युअल फंड, कंपनीकडून मिळालेले समभाग आणि भारतातील फ्लॅट किंवा जमीनही यात येते. भारतातील घर कॅनडात आल्यापासून किती वाढले, एवढाच नफा मोजला जातो. त्यासाठी कॅनडात प्रथम निवासी झालो त्या दिवसाची त्या घराची किंमत कागदावर असावी लागते. ती आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते. मूल्यांकनकाराकडून मागील तारखेचे मूल्यांकन करून घ्यावे. कॅनडातील घर, आरआरएसपी (निवृत्तीसाठीची बचत योजना) आणि टीएफएसए (करमुक्त बचत खाते) या हिशेबातून वगळलेले आहेत. वगळलेल्या काही गोष्टी सोडून एकूण मालमत्ता २५,००० डॉलरहून अधिक असेल, तर टी११६१ हा यादीचा अर्ज विवरणपत्राबरोबर, सहसा ३० एप्रिलपर्यंत, द्यावा लागतो. कर एक डॉलरही नसला तरी यादी द्यावीच लागते आणि उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर दंड, जास्तीत जास्त २,५०० डॉलरपर्यंत. माझ्याकडे आलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांनी हा अर्ज ऐकलेलाही नव्हता.

खात्यांचे काय करावे? आरआरएसपी तशीच ठेवावी. दोन्ही देशांमधील कर-करारानुसार तिच्यातील वाढीवर अमेरिका पैसे काढेपर्यंत कर लावत नाही. टीएफएसएला मात्र अमेरिका करमुक्त मानत नाही. तिचे उत्पन्न दरवर्षी दाखवावे लागते आणि कागदपत्रांचा व्याप शिल्लक रकमेपेक्षा मोठा होतो, म्हणून निघण्यापूर्वी ती रिकामी करणे मला शहाणपणाचे वाटते. निघाल्यानंतर चुकून तिच्यात पैसे भरले तर कॅनडा त्यावर दरमहा १ टक्का कर लावतो. मुलांच्या शिक्षणासाठीच्या आरईएसपी या बचत योजनेचेही तेच दुखणे आहे. अमेरिका तिला ओळखत नाही आणि मूल अनिवासी झाल्यावर सरकारी अनुदान थांबते. घर घेताना आरआरएसपीतून पैसे उचलले असतील, तर अनिवासी झाल्यापासून ६० दिवसांत ते परत भरावे लागतात, नाहीतर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते.

म्युच्युअल फंडांबाबत सावध राहावे. कॅनडातील म्युच्युअल फंड व ईटीएफ आणि भारतातील एसआयपी यांना अमेरिका परदेशी गुंतवणूक कंपन्या समजते आणि त्यांच्यावरचा कर जाचक असतो. अमेरिकेचे निवासी होण्यापूर्वी ते विकून टाकता आले तर पुढची डोकेदुखी वाचते. परदेशातील सर्व खात्यांतील रक्कम मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर हा परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज भरावा लागतो. त्यात मिसिसॉगाच्या बँकेबरोबर ठाण्याच्या बँकेतील एनआरओ खाते आणि आईबरोबर संयुक्त नावावर असलेली मुदत ठेवही येते.

अमेरिकेत करासाठी निवासी कधी होतो, याचे गणित दिवसांवर चालते. २ जुलै किंवा त्याआधी येऊन वर्षअखेरपर्यंत इथेच राहिले तर त्या वर्षाचे १८३ दिवस भरतात. आधीच्या दोन वर्षांतील भेटींचेही काही दिवस धरले जातात. पहिल्या वर्षी दोन्ही देशांत विवरणपत्र भरावे लागते. त्या एका वर्षासाठी दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या माणसाला पैसे द्यावेत, असे मी लेखापाल असूनही सांगते. आम्हीही दिले. कॅनडात भरलेले सीपीपी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची वर्गणी, वाया जात नाही. १९८४ पासून लागू असलेल्या दोन देशांमधील सामाजिक सुरक्षा करारामुळे पात्रता मोजताना दोन्ही देशांतील वर्षे एकत्र धरता येतात. निघताना कर खात्याला तारीख कळवावी, म्हणजे मुलांचा भत्ता थांबेल आणि पुढे वसुलीचे पत्र येणार नाही.

मिसिसॉगातील घर

विकायचे असेल तर निवासी असतानाच विकावे. अनिवासी झाल्यावर विकले तर कर खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते येईपर्यंत खरेदीदाराचा वकील किमतीचा मोठा हिस्सा अडकवून ठेवतो. भाड्याने द्यायचे ठरवले, तर भाडेकरूने किंवा आपल्या प्रतिनिधीने दरमहा एकूण भाड्याच्या २५ टक्के रक्कम कर खात्यात भरायची असते. खर्च वजा जाता उरलेल्या भाड्यावरच ही कपात व्हावी यासाठी एनआर६ हा अर्ज आधी मंजूर करून घ्यावा लागतो. 'परत आलो तर घर असू दे' ही भावना मला समजते. आमचेही पहिले घर तेच होते. तरी भाडेकरू, गळती आणि दोन देशांचा कर सव्वाआठशे किलोमीटरवरून सांभाळणे किती जमेल, याचा विचार भावनेपासून वेगळा करून करावा.

शाळा आणि लसी

ऑन्टारियोची शाळा जूनअखेर सुटते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. नेपरव्हिलच्या शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात आणि मेअखेरच्या सुमारास संपतात. त्यामुळे मुलाची सुट्टी दोन-तीन आठवड्यांनी कमी होते आणि जुलै ते मध्य ऑगस्ट या सहा आठवड्यांत घर, पत्ता, डॉक्टर आणि प्रवेश हे सगळे बसवावे लागते. स्थलांतरासाठी सगळ्यांत सोयीचा काळ तरी हाच.

सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. नेपरव्हिल हे सुमारे दीड लाख वस्तीचे एकच शहर असले तरी त्याचा बराचसा भाग डिस्ट्रिक्ट २०३ आणि डिस्ट्रिक्ट २०४ या दोन शाळा-मंडळांत विभागलेला आहे. रस्त्याच्या या बाजूचे घर एका शाळेत आणि त्या बाजूचे दुसऱ्या शाळेत, असे होते. भाडेकरार करण्यापूर्वी तो नेमका पत्ता मंडळाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. दलालाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. प्रवेशासाठी करारपत्र, वीज-पाण्याची बिले, मुलाचा जन्मदाखला आणि ऑन्टारियोची प्रगतिपुस्तके लागतात. नेपरव्हिलमध्ये वीज आणि पाणी दोन्ही महानगरपालिकाच पुरवते, त्यामुळे एकाच खात्यात काम होते.

लहान मुलांच्या वयाची अट वेगळी आहे. ऑन्टारियोत डिसेंबरअखेरपर्यंतचे वय धरतात, इलिनॉयमध्ये किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला ५ वर्षे पूर्ण लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेले, ऑन्टारियोत पहिलीत जाणारे मूल इथे किंडरगार्टनच्या वयाचे ठरते. शाळेशी लेखी बोलून, प्रगतिपुस्तक दाखवून हा निर्णय आधीच घ्यावा.

लसींचे वेळापत्रक हा सगळ्यांत दुर्लक्षित विषय. ऑन्टारियोत हिपॅटायटिस बी आणि मेनिन्जोकोकल या लसी सातवीत शाळेतच देतात आणि धनुर्वात-डांग्या खोकल्याचा पुढचा डोस १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान असतो. इलिनॉय या तिन्ही लसी सहावीत प्रवेश करतानाच मागते. आमच्या मुलीचे पिवळे लसीकरण कार्ड ऑन्टारियोच्या हिशेबाने पूर्ण होते, आणि नेपरव्हिलच्या शाळेतील परिचारिकेने त्यावर बोट ठेवून तीन रिकाम्या जागा दाखवल्या. १५ ऑक्टोबरपर्यंत पूर्तता नसेल, किंवा पुढच्या डोसांच्या तारखा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नसतील, तर मुलाला शाळेत बसू देत नाहीत. हिपॅटायटिस बीच्या डोसांमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, म्हणून पहिला डोस मिसिसॉगातच आपल्या डॉक्टरांना विनंती करून घेतलेला बरा. इलिनॉयमध्ये पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाला राज्याच्या ठरावीक नमुन्यावर शारीरिक तपासणी आणि डोळ्यांची तपासणीही लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नव्या रुग्णाला वेळ मिळणे कठीण असते.

प्रवेशअर्जात 'घरी कोणती भाषा बोलता' असा प्रश्न असतो. 'मराठी' असे खरे उत्तर दिले की मुलाची इंग्रजीची चाचणी घेतली जाते. काही पालक घाबरून 'इंग्रजी' लिहितात. तसे करू नये. ऑन्टारियोत शिकलेले मूल ती चाचणी सहसा सहज पार करते, आणि आपली भाषा कागदावर लपवण्याचे मुलांसमोर काहीच कारण नाही. मुलाला विशेष शिक्षणाची मदत मिळत असेल, तर ऑन्टारियोचा आयईपी, म्हणजे मुलासाठी आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, इथे आपोआप लागू होत नाही. त्याची प्रत आणि मूळ तपासण्यांचे अहवाल सोबत आणून नव्या मूल्यमापनाची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करावी.

आरोग्यविमा

ओहिप या ऑन्टारियोच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या हिरव्या कार्डाची सवय झालेल्या घराला इथली पद्धत समजायला वर्ष लागते. कंपनीचा विमा रुजू होण्याच्या दिवसापासून लागू होतो की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, हे नोकरीचे पत्र स्वीकारण्यापूर्वीच विचारावे. मधले दिवस रिकामे राहत असतील तर प्रवासी विमा घ्यावा. कुटुंबाची नावे विम्यात घालायला साधारणपणे ३० दिवस देतात. ती मुदत चुकली तर पुढच्या वर्षाच्या नोंदणीपर्यंत थांबावे लागू शकते. मासिक हप्ता पाहून योजना निवडू नये. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्यापूर्वी आपण वर्षभरात किती भरायचे, आणि वर्षाची कमाल मर्यादा किती, हे दोन आकडे पाहावेत आणि ती सर्व रक्कम बाजूला ठेवता येईल का, याचा विचार करावा. डॉक्टर योजनेच्या जाळ्यातले आहेत का, हे दर भेटीपूर्वी विचारण्याची सवय लावून घ्यावी. निघण्यापूर्वी दात, डोळे, रक्ततपासण्या उरकाव्यात, नेहमीच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा मूळ डब्यांत आणि चिठ्ठीसह घ्यावा आणि सर्वांच्या वैद्यकीय नोंदी मागवाव्यात.

बँक आणि पत

कॅनडातील पत सीमेपलीकडे जात नाही. वीस वर्षे वेळेवर हप्ते भरलेला माणूस इथे कोरी पाटी घेऊन येतो. आरबीसी, टीडी आणि बीएमओ या बँकांचा अमेरिकेतही कारभार आहे. त्यांच्या अमेरिकी शाखेत खाते आणि क्रेडिट कार्ड मिसिसॉगात असतानाच उघडावे. कॅनडातील शाखेतले अमेरिकी डॉलरचे खाते हे अमेरिकेतील खाते नव्हे, पगार आणि भाडे त्यातून चालत नाही. घरमालकाला दाखवायला कॅनडाचा पत-अहवाल, नोकरीचे पत्र आणि बँकेची विवरणे छापून ठेवावीत. मोठी रक्कम अमेरिकी डॉलरमध्ये बदलायची असेल तर शेअर खात्यातून 'नॉर्बर्ट्स गॅम्बिट' ही पद्धत (एकच गुंतवणूक कॅनडाच्या डॉलरमध्ये घेऊन अमेरिकी डॉलरमध्ये विकणे) बँकेच्या दरापेक्षा खूप स्वस्त पडते. तीही निवासी असतानाच करून घ्यावी, कारण अनिवासी ग्राहकांची खाती अनेक दलाल संस्था गोठवतात. कॅनडाचा मोबाइल क्रमांक स्वस्तातल्या योजनेवर चालू ठेवावा. कर खात्याचे आणि बँकांचे सांकेतिक क्रमांक त्याच्यावरच येतात.

वाहनविम्यासाठी ऑन्टारियोच्या विमा कंपनीकडून 'लेटर ऑफ एक्स्पिरियन्स' (आपल्या विम्याचा आणि दाव्यांचा इतिहास सांगणारे पत्र) आणि सर्व्हिसऑन्टारियो या प्रांताच्या सेवा कार्यालयाकडून चालकाची नोंद घ्यावी. ही दोन कागदे नसतील तर पंधरा वर्षे गाडी चालवलेल्याला नवशिक्याचा हप्ता लावतात.

घर कुठे घ्यावे

पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. नोकरी रुळते, मुलाला शाळा आवडते की नाही ते कळते आणि पतही तयार होते. विकत घेताना मासिक हप्त्याबरोबर मालमत्ता कर पाहावा. इलिनॉयमध्ये तो देशातील सर्वांत जास्त करांपैकी आहे. या भागात घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५ लाख डॉलरच्या घराला वर्षाला साधारण १०,००० डॉलर. मिसिसॉगाच्या सवयीने पाहिले तर हा आकडा धक्का देतो. त्यातूनच शाळा चालतात, हेही खरे. उलट बाजूला ३० वर्षे एकाच व्याजदराचे गृहकर्ज मिळते, जे कॅनडात पाच-पाच वर्षांनी बदलत राहते. राज्याचा आयकर सरसकट ४.९५ टक्के आहे. घर पाहताना तळघरातील पाणी उपसणारा सम्प पंप आणि जमिनीतून येणाऱ्या घातक रेडॉन वायूची तपासणी विसरू नये.

सामान, गाडी, दागिने

वर्षभर वापरलेले घरगुती सामान शुल्काशिवाय नेता येते. ट्रक नेणाऱ्या कंपनीला ३२९९ हा सीमाशुल्काचा अर्ज आणि खोलीनिहाय यादी द्यावी लागते. यादीत 'स्वयंपाकघर - १४ खोकी' असे न लिहिता आत काय आहे ते लिहावे. दागिन्यांची छायाचित्रे आणि मूल्यांकन बरोबर ठेवावे, ते अंगावर किंवा हातातल्या पिशवीतच असावेत. रोख किंवा तत्सम ऐवज १०,००० डॉलरहून अधिक असेल तर जाहीर करावा.

गाडी नेण्यासाठी ती अमेरिकेच्या सुरक्षा आणि धुराच्या नियमांत बसते असे उत्पादकाचे पत्र, ३५२०-१ आणि एचएस-७ हे अर्ज आणि शुल्क, एवढे लागते. भाडेपट्ट्यावरची गाडी तर कंपनी बहुधा नेऊच देत नाही. आम्ही दोन्ही गाड्या विकल्या आणि त्याबद्दल कधी वाईट वाटले नाही.

वाईट वाटले ते कढीपत्त्याच्या झाडाचे. सात वर्षे दक्षिणेच्या खिडकीत वाढवलेले झाड, दर हिवाळ्यात पाने गाळून मार्चमध्ये पुन्हा फुटणारे. लिंबूवर्गीय फळबागांना घातक असलेली कीड कढीपत्त्यावर पोसली जाते, म्हणून ते सीमेवर अडवले जाते. पानेसुद्धा नेऊ नयेत. आमचे झाड आता शेजारच्या काकूंकडे आहे.

सीमेवर

पीस ब्रिज, रेनबो ब्रिज, अँबॅसेडर ब्रिज यांसारख्या, टीएनचे अर्ज नेहमी हाताळणाऱ्या नाक्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पोहोचावे. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, मूळ पदव्या आणि पत्र एकाच फाइलमध्ये असावे. विचारले तेवढेच आणि खरे सांगावे.

पासपोर्टांची मुदत मात्र घरीच पाहा. आमच्या मुलीचा पासपोर्ट चौदा महिन्यांनी संपणार होता. ते आमच्या लक्षात आले नाही. आमच्या आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर, तीन वर्षे आली आणि तिच्या आय-९४ वर चौदाच महिने. स्टेटसची मुदत पासपोर्टाच्या मुदतीपुढे दिली गेली नव्हती. त्या तारखेनंतर ती बेकायदा राहणारी ठरली असती. कॅनडात लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, म्हणून निघण्यापूर्वी तो नवा करून घ्यावा. प्रवेश झाल्यावर त्याच दिवशी प्रत्येकाची आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून उतरवून नाव, स्टेटस आणि तारीख वाचावी. आम्ही ती दुसऱ्या दिवशी वाचली, म्हणून वेळेत सावरलो.

पहिले महिने

सोशल सिक्युरिटी नंबरासाठी प्रवेशानंतर साधारण दहा दिवसांनी जावे, म्हणजे नोंद संगणकावर पोहोचलेली असते. टीडीवरील जोडीदाराने त्याच कार्यालयातून 'क्रमांक मिळण्यास पात्र नाही' असे पत्र घ्यावे. वाहन परवान्याच्या वेळी ते उपयोगी पडते. इलिनॉयमध्ये नव्या रहिवाशाने ९० दिवसांत परवाना काढायचा असतो आणि त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. पती-पत्नींचे विवरणपत्र एकत्र भरण्यासाठी जोडीदाराला आयटीआयएन हा कराचा क्रमांक लागतो, तो विवरणपत्राबरोबर मागता येतो. ओसीआय कार्डाची आणि इतर भारतीय कामे आता शिकागोच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जातात.

टीडीवर घरी बसलेल्या जोडीदारासाठी हे महिने लांब असतात. सकाळी सात वाजता एक गाडीने आणि दुसरे पिवळ्या बसने जाते आणि मागे चार भिंती आणि न उघडलेली खोकी राहतात. उपनगरात पायी जाण्यासारखे काही नसते, म्हणून वाहन परवाना आणि दुसरी गाडी या चैनीच्या गोष्टी समजू नयेत. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतील मंडळांना जोडते, त्यामुळे टोरांटोच्या मराठी भाषिक मंडळातील ओळखीवरून शिकागोच्या मंडळातील कोणाचा तरी क्रमांक मिळतोच. मला असाच मिळाला. गणपतीच्या तयारीसाठी भेटलेल्या एका ताईंनी डॉक्टर सुचवले, लसींचे अर्ज दाखवले आणि लेखापालाच्या जागेची बातमीही दिली.

त्या जागेसाठी मी स्वतःच्या नावावर टीएनचा अर्ज केला. देशात राहूनही स्टेटस बदलता येते, पण त्याला वेळ लागतो. मी कंपनीचे पत्र घेऊन एका सकाळी सीमेवर गेले आणि त्याच दिवशी संध्याकाळी काम करण्याच्या हक्कासह परत आले. तिथे माझ्याकडे मागितले गेले ते सीपीएचे मूळ प्रमाणपत्र आणि सदस्यत्व चालू असल्याचा पुरावा. ते सदस्यत्व बिननोकरीच्या अकरा महिन्यांत शुल्क भरून चालू ठेवले होते. आपला व्यावसायिक परवाना निघताना रद्द करू नका, आणि त्याची कागदपत्रे ट्रकमध्ये न चढवता आपल्या पासपोर्टाच्या फाइलमध्ये ठेवा.